बेळगावात राहून हाफपाइप स्नोबोर्डिंगची तयारी होते का?

टिळकवाडीकर:
पुतणी 12 वर्षांची, रिंकवर इनलाइन स्केटिंग करते. आता हाफपाइप स्नोबोर्डिंगच, म्हणजे बर्फाच्या U आकाराच्या नाल्यात बोर्डवरून उड्या मारायचा खेळ, करणार म्हणून हटून बसलीय. इथं बर्फ कुठला! सुरुवात कशानं करायची?

खानापूर_रॅम्प:
इनलाइन बाजूला ठेवा, स्केटबोर्ड घ्या. इनलाइनवर छाती समोर असते, बोर्डवर अंग आडवं. डावा पाय पुढे सोयीचा वाटला तर रेग्युलर, उजवा वाटला तर गूफी.

मग परड्यात क्वार्टरपाइप, म्हणजे एका बाजूनं वळत वर चढणारा रॅम्प, करून घ्या. उंची 3 फूट आणि त्रिज्या 7 फूट धरली की वळणाचा पायथा साधारण 5 फूट 9 इंच येतो. बाजूचे साचे 18 मिमी प्लायचे, आडव्या पट्ट्या दर 8 इंचांवर, वरून 9 मिमी प्लायचे दोन थर. माथ्याला 2 इंची लोखंडी पाइप. उद्यमबागेच्या कारखान्यांत कुणीही वेल्ड करून देईल. पाइप प्लायच्या बाहेर 6-8 मिमीच डोकवावा. जास्त आला की परतताना चाकं अडकतात आणि पोर तोंडावर पडते.

पहिले दोन महिने माथ्यापर्यंत जायचंच नाही, नुसतं पंपिंग. वाकवलेले गुडघे वळणातून जाताना ताठ करायचे, वर गेल्यावर पुन्हा वाकवायचे. उभ्यानं झोका चढवतो तसंच की.

निपाणी_गूफी:
रॅम्पचं बरोबर आहे. जपानचा आयुमु हिरानो टोकियो ऑलिंपिकला स्केटबोर्डवर होता, आणि सहा महिन्यांत, 2022 च्या बीजिंगला, हाफपाइपचं सुवर्ण घेऊन गेला. तिसऱ्या फेरीत 96.00 गुण, ट्रिपल कॉर्क 1440 सकट, म्हणजे हवेत तिरक्या अंगानं तीन कोलांट्या आणि चार गिरक्या.

पण रॅम्पवर एक गोष्ट येत नाही: धार, म्हणजे बोर्डाच्या कडेनं बर्फ धरून चालणं. ऑलिंपिकच्या हाफपाइपची भिंत 22 फूट, म्हणजे 6.7 मीटर, आणि तळ सुमारे 18 अंश उतरता. रेग्युलर खेळाडू उजवी भिंत बोटांकडच्या धारेवर चढतो, डावी टाचेकडच्या. धार सुटली की बोर्ड आडवा घसरतो, वेग जातो, पुढच्या उड्या कमी उंच जातात. भिंत संपायच्या आत उडी घेतली तर माणूस मधल्या सपाटीवर आदळतो, गुडघे जातात ते तिथंच. उतरायचं ते माथ्याच्या जरा खाली, भिंतीवरच.

धारेसाठी जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्ग किंवा औली. गोवा एक्स्प्रेसनं दिल्ली गाठा, पुढचं तिथून. बोर्ड विकत घेऊ नका, भाड्याचा घ्या, हनुवटीएवढा. घोटा घट्ट धरणारे बूट मात्र स्वतःचे हवेत.

खरा खर्च त्यानंतर. ऑलिंपिक मापाचा हाफपाइप आपल्याकडे नाही. स्वित्झर्लंडचं लाक्स, नाहीतर आपल्या पावसाळ्यात न्यूझीलंडचं कार्ड्रोना. अमेरिकेच्या क्लोई किमनं 2018 च्या ऑलिंपिकला 17 व्या वर्षी हाफपाइपचं सुवर्ण मारलं, म्हणजे 12 हे वय लहान नाही. घरच्यांना हे आधीच सांगा.

टिळकवाडीकर:
रॅम्प उघड्यावर चालेल का?

खानापूर_रॅम्प:
आपल्या पावसात साधा प्लाय फुगतो. मरीन प्लाय घ्या, जूनआधी ताडपत्री घाला. आणि सुताराला सांगा, पहिला ताव खालून स्क्रू मारत वर न्यायचा. उलटं केलं तर मध्ये पोकळी राहते, प्लाय तिथंच मोडतो.