ऑप्टिकल केबल आणि पृष्ठभागावरील मळ: एकाच अभियंत्याच्या पेटंटांत हे दोन विषय कसे?

तंतुवाचक:
एका अभियंत्याच्या नावावरील पेटंटांची यादी वाचताना असे दिसले की, त्यांतील काही पेटंटे ऑप्टिकल केबलच्या जोडणीविषयी आहेत, तर काही धातूच्या पृष्ठभागावरील तेलाचा थर किंवा धूळ ओळखणाऱ्या उपकरणांविषयी. पहिले काम दूरसंचाराचे आणि दुसरे रंग किंवा गोंद लावण्यापूर्वीच्या तपासणीचे. या दोहोंत काही तांत्रिक नाते आहे का? शिवाय केवळ सारांश वाचून पेटंटात नवे काय आहे ते उमगत नाही. पेटंट कसे वाचावे, हेही जाणकारांनी सांगावे.

जोडकाम:
नाते आहे, आणि माझ्या मते ते फार जवळचे आहे. सिंगल-मोड तंतूचा, म्हणजे प्रकाशाला एकाच वाटेने नेणाऱ्या काचेच्या तंतूचा, गाभा सुमारे ९ मायक्रोमीटर रुंद असतो, तर क्लॅडिंग (गाभ्याभोवतीचा काचेचा थर) धरून तंतूचा व्यास १२५ मायक्रोमीटर भरतो. म्हणजे १ मायक्रोमीटरचा कण गाभ्याच्या क्षेत्रफळाचा सुमारे सव्वा टक्का झाकतो आणि ९ मायक्रोमीटरचा कण नेमका मधोमध बसला, तर प्रकाशाची वाटच जवळजवळ बंद होते. पण कणाने अडवलेल्या प्रकाशापेक्षा मला दुसरी गोष्ट अधिक गंभीर वाटते: दोन फेरूलांच्या (कनेक्टरमध्ये तंतूचे टोक धरणाऱ्या बारीक नळ्यांच्या) मध्ये कण सापडला की काचेची टोके एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये हवेची फट राहते आणि काच व हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे साडेतीन टक्के प्रकाश मागे परततो. त्यातच कनेक्टर दाबून बसवला, तर कठीण कण काचेवर कायमचा ओरखडा पाडू शकतो. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे ६१३००-३-३५ हे मानक टोकाच्या पृष्ठभागाचे वर्तुळाकार विभाग पाडून प्रत्येक विभागात किती दोष चालतील हे ठरवते, ते यामुळेच. कनेक्टरवर काम करणाऱ्याला मळाचा अभ्यास टाळताच येत नाही.

तिरपा किरण:
वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो. मळ शोधण्याच्या साधनातही तंतूच वापरता येतात: एकाच जुडग्यातील काही तंतू पृष्ठभागावर प्रकाश नेतात आणि उरलेले तंतू परतणारा प्रकाश संवेदकापर्यंत आणतात. प्रकाश अगदी तिरपा टाकला, तर गुळगुळीत स्वच्छ पृष्ठभाग तो दुसऱ्या बाजूला परावर्तित करतो आणि संवेदकाला काळोख दिसतो. धुळीचा कण मात्र प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून तो काळ्या पार्श्वभूमीवर चमकतो. तेलाच्या पातळ थरासाठी ही पद्धत अपुरी पडते. तेथे अतिनील प्रकाश टाकून थराची प्रतिदीप्ती, म्हणजे तो प्रकाश शोषून थर स्वतः देत असलेली चमक, मोजतात.

तंतुवाचक:
मग अतिनील प्रकाशात चमक दिसली नाही, तर पृष्ठभाग स्वच्छ आहे असे मानावे का?

तिरपा किरण:
तसे मानू नये. अनेक खनिज तेले चमकतात, पण सिलिकोन तेल जवळजवळ चमकत नाही, आणि रंग व गोंद यांची पकड सुटण्यास तेच अनेकदा कारणीभूत असते. त्यासाठी अवरक्त प्रकाशाचे शोषण मोजावे, किंवा पाण्याचा थेंब पसरतो की गोळा होऊन राहतो, हे पाहावे.

दावेवाचक:
आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी: सारांश केवळ शोधणाऱ्याच्या सोयीसाठी असतो, संरक्षण मिळते ते दाव्यांना, म्हणजे नेमका कशावर हक्क आहे हे सांगणाऱ्या क्रमांकित कलमांना. म्हणून शेवटी दिलेल्या दाव्यांपासून वाचायला सुरुवात करावी आणि त्यांतही इतर दाव्यांवर न विसंबणारा पहिला स्वतंत्र दावा आधी घ्यावा. त्या दाव्यातील घटक एकेक करून कागदावर उतरवावेत, कारण साधारणपणे त्यांतील एक जरी घटक दुसऱ्याच्या उपकरणात नसेल, तर त्या दाव्याचा शब्दशः भंग होत नाही. ‘तंतूंचा जुडगा’ हा घटक आधीपासून ज्ञात असेल, तर नवेपण बहुधा प्रकाशाच्या कोनात किंवा तंतूंच्या मांडणीत सापडेल. दाखल केल्याची तारीखही अवश्य पाहावी, कारण बहुतेक देशांत २० वर्षांची मुदत मंजुरीच्या दिवसापासून नव्हे, तर तेव्हापासून मोजतात.

तंतुवाचक:
आभारी आहे. आता दोन्ही विषयांतील प्रत्येकी एक पेटंट घेऊन त्यांचे पहिले दावे अशा पद्धतीने शेजारी शेजारी मांडून पाहतो.