देवळामागच्या सामायिक जागेत काय काय लावावं?

गवतीचहा:
आमच्या बचतगटाला देवळामागची पंधरा गुंठे जागा लागवडीला मिळाली आहे (दोडामार्ग तालुका, सिंधुदुर्ग). दोन जुने फणस, एक रायवळ आंबा, खालच्या अंगाला ओहोळ. नुसती काजूकलमं नकोत, वाडीतल्या सगळ्यांना खाता येईल असं काहीतरी हवंय. पोफळ (सुपारी), मिरी, केळ, कोकम एकत्र बसेल का?

कुळागरवाला:
ताई, आमचं फोंड्याकडे आजोबांच्या वेळचं कुळागर (पोफळीची मिश्र बाग) आहे, म्हणून सांगतो. आधी ओहोळ बघा. मार्च ते मे पाणी नसेल तर पोफळीचं नावच काढू नका. असेल तर नऊ-नऊ फुटांवर पोफळ, पण आधी केळ. कोवळ्या पोफळीला नैर्ऋत्येचं ऊन भाजून काढतं, केळीची सावली त्याच बाजूला पडायला हवी.
मिरी फणसावर चढवा, बुंध्याच्या उत्तरेला, दक्षिणेकडे वेल करपतो. शिवाय पावसाच्या तोंडावर पांगाऱ्याचे खुंट रोवून त्यांवरही मिरी सोडा. पांगारा जमिनीला नत्र देतो. दरवर्षी पावसाआधी त्याच्या फांद्या छाटून बुडात टाकायच्या, म्हणजे मिरीला उजेडही मिळतो. बुडाशी पाणी मात्र साचू देऊ नका, चांगला पोसलेला वेल बघता बघता मरतो.

रातांबा:
पांगाऱ्यावर हल्ली गाठमाशी येते, पानं वेडीवाकडी होतात. थोडे खुंट गिरिपुष्पाचेही लावा.
आणि कोकम बी रुजवून लावू नका! निम्मी झाडं नर निघतात, आणि ते कळतं फुलं आल्यावर, म्हणजे बरीच वर्षं पोसून झाल्यावर. दापोली विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ची कलमं घ्या. जायफळाचंही तसंच.

गवतीचहा:
ओहोळ फेब्रुवारीतच आटतो हो. मग?

कुळागरवाला:
मग पोफळ रद्द, केळही परसातल्या सांडपाण्यावर. कोकमाला एकदा जीव धरला की उन्हाळी पाणी लागत नाही. मिरीला पहिले दोन उन्हाळे घागरीने घालावं लागेल, पाळ्या लावा. फणसाच्या सावलीच्या कडेला सुरण, हळद, आळू, कुंपणावर कोनफळ आणि करांदे हे वेलाचे कंद. सगळं पावसावर येतं. सुरणाचं पान पिवळं होऊन आडवं पडलं की खणायचं, त्याआधी नाही.
रायवळाखाली काही नको. मे महिन्यात पोरं दगड मारणार, सगळं तुडवणार.
आणि हो, मिरी कोण काढणार, विकणार कोण, हे वेल लावायच्या आधी गटात लिहून घ्या. सुरणावरून कोणी भांडत नाही, मिरीवरून भांडतात.