डेक बदलायचाय: लाकूड की कंपोझिट?

कोथिंबीरवडी

नमस्कार मंडळी. आम्ही सेंट्रल जर्सीत राहतो. मागचा डेक १४ बाय १६ फुटांचा, जमिनीपासून चारेक फूट उंच, घराबरोबरच बांधलेला म्हणजे २००१ चा. बऱ्याच फळ्यांचे खिळे वर आलेत, पायऱ्यांजवळच्या दोन फळ्या पायाखाली मऊ लागतात. त्यात गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या टाचेत कुसळ गेलं, ते काढायला अर्जंट केअर गाठावं लागलं. तेव्हापासून घरात रोज तोच विषय.

दोन कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले. एक म्हणतो, सगळं पाडून नवीन प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून औषध दाबून भरलेल्या) पाइनचा करू. दुसरा म्हणतो, सांगाडा उत्तम आहे, वरच्या फळ्या तेवढ्या कंपोझिटच्या (भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) टाकू, पंचवीस वर्षं बघायला नको. (हे सांगताना तो डेकखाली वाकलासुद्धा नाही.) नवरोबांना कंपोझिट हवंय कारण दर दोन-तीन वर्षांनी स्टेन मारायचा त्यांना वीट आलाय. मला लाकूड आवडतं, पण हट्ट नाही.

वापर म्हणाल तर ग्रिल, दिवाळीत फुलबाज्या, आणि सासूबाई आल्या की मिरच्या, सांडगे, कुरडया. लेक आठवीत आहे. ती कॉलेजला गेली की कदाचित घर विकू. आणखी एक, जुन्या फळ्यांपैकी बऱ्या असतील त्यांचे मेथी-कोथिंबिरीसाठी वाफे करावेत आणि उरलेल्या फायरपिटमध्ये जाळाव्यात असा विचार आहे.

डॅलसवाला

कंपोझिटच घ्या, पण गडद रंग घेऊ नका. आमचा कोळशासारखा राखाडी आहे. दिसतो झकास, पण जुलैत दुपारी अनवाणी पाय ठेवून दाखवा! दुकानातून नमुन्याचे तुकडे आणा, दिवसभर उन्हात टाका आणि दुपारी सासूबाईंनाच पाय ठेवायला सांगा.

रंधा

कोथिंबीरवडी, बाकी सगळं नंतर. आधी ते वाफे आणि फायरपिट डोक्यातून काढा.

२००१ चा ट्रीटेड डेक म्हणजे जवळजवळ नक्कीच सीसीए मारलेलं लाकूड. क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक. घरगुती कामासाठी असं लाकूड तयार करणं २००३ च्या अखेरीस बंद झालं. आता तांब्यावर आधारलेली दुसरी औषधं वापरतात. ते जुनं लाकूड जाळलंत की आर्सेनिक धुरात आणि राखेत येतं, वाफ्याला लावलंत की मातीत झिरपतं. मेथीला सीडरची साधी फळी घ्या. डेक उभा आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, ईपीएनेही (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने) लोकांना असे डेक पाडा म्हणून सांगितलेलं नाही. पण कापाकापी करताना मास्क आणि हातमोजे घाला, खाली ताडपत्री अंथरून भुसा गोळा करा, आणि लाकूड कुठे टाकायचं ते टाउनशिपला विचारा. कुरडया थेट फळीवर घालत नसाल अशी आशा आहे.

आता डेक. लाकूड की कंपोझिट हा वरच्या फळीचा प्रश्न झाला. खालचा सांगाडा दोन्हीकडे बहुतेक लाकडाचाच असतो, कारण कंपोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक, त्याच्या तुळया होत नाहीत. तेव्हा शनिवारी एक जाड स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन खाली जा. पहिलं बघायचं ते लेजर, म्हणजे घराच्या भिंतीला धरून असलेली आडवी फळी. डेक कोसळतात ते बहुतेक वेळा तिथूनच सुटतात. ती बोल्टने बसवली आहे की नुसती खिळ्यांवर? तिच्या डोक्यावरून साइडिंगच्या (भिंतीवरच्या बाहेरच्या आवरणाच्या) मागे गेलेली, पाणी अडवणारी फ्लॅशिंगची पट्टी आहे का? पट्टी नसेल तर वीस वर्षांचं पाणी आणि बर्फ त्या फटीत मुरलंय असं धरून चाला. मग जॉइस्टच्या, म्हणजे फळ्या ज्यांवर बसतात त्या तुळयांच्या, वरच्या कडेला, जिथे खिळे उतरलेत, तिथे टोचून बघा. चांगलं लाकूड टोकाला दाद देत नाही.

जॉइस्टमधलं अंतरही मोजा, मध्यापासून मध्यापर्यंत. कंपोझिटला सहसा १६ इंचांहून जास्त चालत नाही, फळ्या तिरक्या घातल्या तर बहुतेक कंपन्या १२ च मागतात. अंतर जास्त असलं की उन्हात फळी झोळ धरते. जुने जॉइस्ट वरखाली असतील तर तेही कंपोझिटवर उठून दिसतं, लाकडाची फळी रंधा मारून जुळवून घेता येते.

पंचवीस वर्षांची वॉरंटी फळीची आहे, सांगाड्याची नाही. आणि ती वाचून बघा, फळी बदलून देतात, बसवायची मजुरी बहुधा तुमचीच.

मिनियापोलिसची माई

आमच्याकडे जुनं, वरून आवरण नसलेलं कंपोझिट होतं. सावलीत काळे ठिपके यायचे, ते ब्लीचनेही गेले नाहीत, तेलाचा डाग तर कायमचा. आता मिळतं ते वरून प्लास्टिकचं कवच असलेलं, ते खूपच बरं. हळद सांडली तरी काळजी नाही, साबणाने राहिली तर ऊन तिला खातं. फुलबाजीची तापलेली तार मात्र पडू देऊ नका, टेकली तिथे वितळून खड्डा पडतो. आणि बर्फ प्लास्टिकच्या फावड्यानेच काढायचा.

बॉस्टनकर

एक कोणी सांगत नाही. डेकवर लो-ई (उष्णता परतवणारा थर दिलेल्या) काचेच्या खिडक्यांवरून परतून ऊन पडत असेल तर त्या पट्ट्यात कंपोझिट फार तापतं, वाकतंही. आमच्या शेजाऱ्यांची विनाइल साइडिंग अशीच वितळली. दुपारी एकदा बघून घ्या.

कोथिंबीरवडी

सगळ्यांचे आभार. वाफ्यांचा बेत रद्द, नवऱ्याने कापायला करवत काढून ठेवली होती!

आज खाली जाऊन आले. जॉइस्ट १६ इंचांवर आहेत. लेजरला बोल्ट आहेत, पण फ्लॅशिंग कुठेच दिसली नाही. स्वयंपाकघराच्या दाराखाली स्क्रूड्रायव्हरचं टोक इंचभर आत गेलं. तीन-चार जॉइस्टही वरून भुसभुशीत आहेत. कुरडया प्लास्टिकवरच असतात, सासूबाई वाचतायत, त्यांनीच लिहायला सांगितलंय.

रंधा

सासूबाईंना नमस्कार सांगा.

मग दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला नको म्हणा. दाराखालचं लाकूड इतकं गेलंय तर त्यामागची घराची रिम जॉइस्टही (घराच्या सांगाड्याची कडेची तुळई) तपासायला हवी, साइडिंग काढल्याशिवाय ते कळणार नाही. पहिल्याकडून दुरुस्तीचा दर वेगळा लिहून घ्या, म्हणजे भिंत उघडल्यावर भाव चढायला नको. नवीन ट्रीटेड लाकडात तांबं भरपूर असतं, ते साधं लोखंड आणि ॲल्युमिनियम खातं. हँगर (जॉइस्ट धरणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि स्क्रू हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा जाड थर दिलेले) किंवा स्टेनलेस, फ्लॅशिंग उघड्या ॲल्युमिनियमची नको. जॉइस्टच्या डोक्यावर पाणी अडवणारी ब्यूटिलची चिकट टेप मारून घ्या, स्वस्तातलं काम आहे आणि तुमचे जॉइस्ट जिथून कुजले नेमकं तिथेच उपयोगी पडतं.

आता वरची फळी. मी हौशी सुतार, लाकडावर जीव, तरी माझ्या घरी कंपोझिट आहे, कारण गुडघे. तुम्हाला मात्र मी पाइन घ्या म्हणेन. पाच वर्षांत घर विकायचं असेल तर तिपटीपर्यंत जाणाऱ्या फळीचा पैसा विकताना पूर्ण वसूल होईल असं मला वाटत नाही. पाच वर्षांत स्टेन दोनदा लागेल. पहिला हात घाई करून मारू नका, नवी पाइन ओली असते. पाण्याचे थेंब टाकून बघा, लगेच शोषले गेले तर लाकूड तयार. कुसळांचं कारणही बहुतेक हेच असतं, वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली, उन्हाने तडकलेली फळी. वेळच्या वेळी स्टेन मारला, वर्षातून एकदा सँडपेपर फिरवला की टाच सुरक्षित. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, त्यानेच लाकडाचे तंतू उभे राहतात.

नवरोबांना जो वीट आलाय तो डेकच्या जमिनीचा, म्हणजे फळ्यांचा, नसणार. जमीन रोलरने एका दुपारी होते. जीव घेतात ते कठड्याचे गज, एकेक, चारी बाजूंनी, ब्रशने. तेव्हा फळ्या लाकडाच्या आणि कठडा पावडर-कोटेड ॲल्युमिनियमचा करा, फक्त तो ट्रीटेड लाकडाला थेट टेकू देऊ नका. चार फूट उंचीला कठडा लागतोच, ३६ इंच उंच आणि दोन गजांमधून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये, इन्स्पेक्टर ते मोजतो.

घर विकायचा बेत बदलला आणि दहा-पंधरा वर्षं राहणार असाल तर नवरोबांचं ऐका. फिकट रंग, चारी बाजूंनी कवच असलेली फळी. काही फळ्यांना खालची बाजू उघडी असते, ते विचारून घ्या. आणि टोकांना कंपनी सांगते तेवढी फट सोडायला लावा. सोळा फुटांची फळी हिवाळ्या-उन्हाळ्यात पाव इंच सहज लांब-आखूड होते. जानेवारीत घट्ट बसवली की ऑगस्टमध्ये एकमेकींना ढकलतात.

कोथिंबीरवडी

कठड्याचं वाचून नवरा म्हणाला, "हे कुणीतरी बोललं एकदाचं." पाइन आणि ॲल्युमिनियम ठरतंय. जुन्या खांबांचं काय, त्याच फुटिंगवर (खांबांखालच्या काँक्रीटच्या पायावर) नवीन उभे करता येतील?

रंधा

आधी एका खांबाशेजारी खणून बघा, आणि खणण्याआधी ८११ ला फोन करा, गॅस-विजेच्या लाइन फुकट आखून देतात. काही दिवस आधी करावा लागतो. उत्तर जर्सीत बहुतेक ठिकाणी फुटिंग तीन फूट खोल मागतात, तुमचा आकडा टाउनशिपच्या बिल्डिंग खात्यातून घ्या. त्याहून उथळ निघालं तर नवीनच ओतावं लागेल. परमिट कॉन्ट्रॅक्टरने काढायचं असं करारात लिहून घ्या, आणि एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर कठड्याच्या रंगाची मंजुरी ऑर्डर देण्याआधी.