फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीमागचे मुंबईचे संशोधन

गरोदरपणात दिल्या जाणाऱ्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीचा शोध परदेशी प्रयोगशाळांत लागला, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण या कथेचा महत्त्वाचा भाग मुंबईत घडला.

भारतात काम करणाऱ्या डॉक्टर मार्गारेट बाल्फोर यांच्या निमंत्रणावरून लूसी विल्स ही इंग्रज संशोधिका १९२८ मध्ये भारतात आली आणि हाफकिन संस्थेत राहून तिने गरोदर स्त्रियांच्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा अभ्यास सुरू केला. या रक्तक्षयात तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत आणि तो गिरणगावातल्या गरीब, निकृष्ट आहारावर राहणाऱ्या बायकांत अधिक आढळे. आधी जंतुसंसर्गाचा संशय तपासून झाला. मग उंदीर आणि माकडांवरील आहाराच्या प्रयोगांतून दोष अन्नातच असल्याचे दिसू लागले. यकृताच्या कच्च्या (शुद्ध न केलेल्या) अर्काने गुण येई, पण तो महाग होता. यीस्टपासून बनणाऱ्या स्वस्त मार्माइटनेही रुग्ण सुधारतात, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. (मार्माइट म्हणजे ब्रिटनमध्ये पावाला लावायचा खारट लगदा!)

त्यातला गुणकारी घटक तेव्हा अज्ञात असल्याने त्याला ‘विल्स घटक’ म्हणत. मला सर्वांत मोलाचे वाटते ते पुढचे पाऊल: शुद्ध केलेला यकृत अर्क ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या पर्निशियस अ‍ॅनिमियावर चालतो, पण या रक्तक्षयावर नाही, हे तिने दाखवले, म्हणजे ब-१२ हून वेगळे असे काहीतरी यात आहे, हे त्यावरून सूचित झाले. हे ‘काहीतरी’ पुढे सापडले: १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक अ‍ॅसिड वेगळे काढण्यात आले.