सांगलीला ‘सांस्कृतिक राजधानी’ केलं तर गल्ला कुणाचा भरेल?

कृष्णाकाठ
युरोपात १९८५ पासून असा मान शहरांना देतात, पहिलं अथेन्स. २००८ ला लिव्हरपूलचा नंबर लागला आणि त्या वर्षी तिथं ९७ लाख जादा भेटी झाल्याचं नंतरच्या अभ्यासात निघालं. आपल्याकडं विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला ‘सीतास्वयंवर’ केलं, म्हणून आपण नाट्यपंढरी. पण ५ नोव्हेंबरला भावे पदक दिलं की सहा तारखेला सगळं थंड. राज्यानं असा दर्जा सुरू करावा, पहिला सांगलीला द्यावा.

हळदवाला
नाट्यपंढरी हा दर्जाच की राव! त्यानं किती लॉज भरले? लोक कोल्हापूरला अंबाबाईला जातात, नरसोबाच्या वाडीला जातात, आपल्याकडं भडंग घेऊन पुढं सुटतात. मुक्काम नाही तर पैसा नाही. आणि लिव्हरपूलचा आकडा सांगताना तिथं आधी किती ओतले तेही सांगा.

जवारी
हळदवाले, मुक्काम होत नाही, कारण संध्याकाळी बघायला काही लागलेलंच नसतं. मिरजेच्या सतारीला, तंबोऱ्याला २०२४ ला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण पर्यटक सतारमेकर गल्लीत फोटो काढणार, सतार थोडीच घेणार? गिऱ्हाईक म्हणजे वाजवणारा. गावात वर्षभर मैफली असल्या तर वाद्यं जवारीला, म्हणजे घोडी घासून नाद नीट करायला, येतात, तारा खपतात. मिरजेच्या दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं होते तशी मैफल महिन्याला एक तरी हवी.

गावभागातली
कृष्णाकाठ, नाव नदीचं घेतलंय आणि पूर विसरलात? २००५, २०१९, २०२१. जुलै-ऑगस्टला इथं माळ्यावर सामान चढवायची घाई असते. शिवाय दर्जा आला की भाडी वाढणार, आधी आमच्यासारखे भाडेकरू बाहेर. ग्लासगोत १९९० ला ‘हा सोहळा नक्की कुणासाठी’ म्हणून गावातलेच भांडले होते.

कृष्णाकाठ
ताई, पावसाळा सोडूनच म्हणतोय. शनिवारी रात्री संगीत नाटक, रविवारी सकाळी मिरजेत वाद्यं, दुपारी नाटककार देवलांचं हरिपूर आणि संगम. झाला की एक मुक्काम!

हळदवाला
मग त्याला दर्जा कशाला? नाट्यगृहाचं भाडं उतरवा, हौशी मंडळी उद्या नाटक लावतील.

कृष्णाकाठ
भाडं उतरवायला महापालिकेकडं पैसे कुठले? दर्जा आला तर निधी तरी मागता येईल.

हळदवाला
येईल की. आणि पहिलं टेंडर स्वागत कमानीचं निघेल.