मदत हवी आहे: भाऊ १८ वर्षांचा झाला आणि बँक खातं अडकलं, पेन्शनचा अर्ज कसा करू?

नमस्कार. धाकट्या भावासाठी विचारतेय. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, सोबत बौद्धिक अक्षमताही. ससूनला तपासणी होऊन यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मिळालंय, ८५ टक्के अपंगत्वाचं. वडील नाहीत. आई दत्तवाडीत राहते, तीन घरी पोळ्या करते. भावाला अठरा पूर्ण झाली म्हणून संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायला घेतला. उत्पन्नाचा दाखला वर्षाला ४८ हजारांचा आहे, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या ५० हजारांच्या मर्यादेत बसतो. रहिवासी दाखला, रेशनकार्ड सगळं तयार आहे.

अडलंय ते खात्यावर. भावाचं खातं लहानपणापासून आहे, पालक म्हणून आईचं नाव. अठरा होताच बँकेने व्यवहार थांबवले. म्हणाले, मुलगा सज्ञान झाला, त्याला घेऊन या. रिक्षात घालून नेलं. त्याची मूठ कायम आवळलेली असते. आईने तेल लावून, चोळून चोळून अंगठा मोकळा केला, पण मशीनवर ठसा उमटला नाही आणि तो घाबरून रडायला लागला. सही तर त्याला येतच नाही. मग साहेब म्हणाले, कोर्टातून पालकत्व आणा. योजनेच्या खिडकीवर सांगतात, खातं मुलाच्याच नावाचं आणि आधार जोडलेलं हवं, आईचं चालणार नाही.

आई घरी येऊन एवढंच म्हणाली, "काल मी त्याची आई होते, आज कोणी नाही का?" मला काही उत्तर देता आलं नाही.

खरंच कोर्टात जावं लागतं का? वकिलाचा खर्च आम्हाला झेपणार नाही. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना दरमहा अडीच हजार मिळतात. भावाच्या औषधांचा आणि डायपरचा खर्च त्यातून निघेल.

उत्तर: ताई, कोर्टाची गरज नाही. माझी मुलगी ऑटिस्टिक आहे, दोन वर्षांपूर्वी आम्हीही यातून गेलो. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ हे नाव लक्षात ठेवा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना अठरानंतर कायदेशीर पालक नेमण्याचं काम त्या कायद्याखालची स्थानिक स्तर समिती करते. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. अर्ज आईच्याच नावाने करा. समितीचं प्रमाणपत्र खात्यासाठी ग्राह्य धरा, असं रिझर्व्ह बँकेने २००७ सालीच बँकांना कळवलंय. तरी कोणी नाही म्हणालं तर नकार लेखी मागा. आमच्याकडे लेखी मागितल्यावरच फाईल हलली.

खातं सुरू झालं की आणखी एक बघा. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी डीबीटीला जोडणं वेगळं. बँकेत डीबीटीचं नाव घेऊनच विचारा, नाहीतर मंजुरी येते आणि पैसे येत नाहीत. आधारचं बायोमेट्रिक राहिलं असेल तर बोटांचे ठसे न देताही होतं, डोळ्यांवरून घेतात. केंद्रावर आधी एकट्याने जाऊन सांगा आणि गर्दी नसेल अशी वेळ मागून घ्या. पोराची दमछाक वाचेल. आणि निरामय विमा काढलाय का? एक लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो, फिजिओथेरपीसुद्धा त्यात येते.

धागाकर्ती: दादा, मनापासून आभार. आईला आत्ताच फोनवर वाचून दाखवलं. तिने "कायदेशीर पालक" हे शब्द दोनदा म्हणायला लावले. निरामय आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, तेही भरते. सोमवारी तिचा खाडा करून जिल्हाधिकारी कार्यालयात जातोय. एक राहिलं: समितीसमोर भावाला आणावंच लागतं का, की अधिकारी घरी येऊन बघतात? दोन मजले उतरवायला माणसं लागतात, ती आधी सांगून ठेवायला हवीत.