नळ्या तरी पालिकेने टाकाव्यात

"खड्डे न बुजवणारी महापालिका इंटरनेट काय देणार?" असं पुणे महापालिकेने शहरात स्वतः इंटरनेट द्यावं का, या चर्चेत एकांनी विचारलंय. पण आमच्या गल्लीतले निम्मे खड्डे केबल टाकणाऱ्यांचेच आहेत. एक कंपनी बुजवून जाते, महिन्याभरात दुसरी खोदते.

अमेरिकेत चॅटानूगा शहराच्या सार्वजनिक वीजसंस्थेने २०१० मध्ये शहरभर गिगाबिट फायबर, म्हणजे सेकंदाला एक गिगाबिट वेगाचं केबल इंटरनेट, दिलं. वीज कुठे गेली हेही त्याच जाळ्यावरून कळतं. आपल्याकडे वीज महावितरणची, म्हणून ती वाट जशीच्या तशी चालणार नाही. मात्र २०१७ साली पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे कर्जरोखे पुणे पालिकेनेच काढले होते. तसाच पैसा उभारून इंटरनेट केबलसाठी रस्त्याखालच्या नळ्या पालिकेने टाकाव्यात आणि सगळ्या कंपन्यांना भाड्याने द्याव्यात. आणि पहिली जोडणी वस्त्यांना हवी. तिथली मुलं आई कामावरून आल्यावर तिच्या मोबाइलवर अभ्यास करतात.